एक संसार, दोन प्रवासी

नोव्हेंबर १८८६ मध्ये गोपाळराव व आनंदीबाई जोशी हे दांपत्य अमेरिकेहून मुंबई बंदरात उतरले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी मिळविली होती, आणि क्षयाने त्या खंगून गेल्या होत्या. गोदीत त्यांना कोणी पारपत्र विचारले नाही, कारण हिंदुस्थानात पाऊल ठेवण्यासाठी असा कागद लागतच नसे. सामानावरील जकातीसाठी १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा होता. परंतु माणूस कोण, कोणाचा, कोठून आला, हे पुसण्याचे काम सरकारने अद्याप आपल्याकडे घेतले नव्हते. ते काम जातीकडे होते. समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि बहिष्कार पडे तो एकट्या पुरुषावर नव्हे, तर सबंध घरावर. बायको अमेरिकेस गेली की नवरा, हा भेद पंगतीत पाहिला जात नसे. जातीच्या चौकीवर पतिपत्नी हे एकच माणूस होते.

आमच्या मते विदेशाहून परतणाऱ्या दांपत्याच्या इतिहासात हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा आला आहे. दारावरचा अधिकारी नवराबायकोला एक समजतो की दोन? आपल्या बालाघाटातील जुन्या मराठी घरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपले पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, किंवा पुढे मध्य प्रांताच्या कारभाराबरोबर, बायकामुले व भांडीकुंडी घेऊन वैनगंगेच्या काठी आले. तेव्हा त्यांना तोच परदेश होता. आता आपली मुले अमेरिकेत आणि आखातात आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन परतणारे आईवडील नागपूर वा मुंबईच्या विमानतळावर ओळीत उभे असतात.

पहिल्या महायुद्धाने दार सरकारच्या ताब्यात गेले. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदुस्थानात येणाऱ्यांस अडविण्याचा वटहुकूम निघाला. त्याचा रोख मुख्यतः अमेरिका-कॅनडातून परतणाऱ्या गदर पक्षाच्या लोकांवर होता. पुढे १९२० च्या कायद्याने प्रवेशासाठी पारपत्र सक्तीचे झाले. या पारपत्राची बांधणी पाहण्याजोगी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या पुस्तिकेत धारकाच्या छायाचित्राशेजारीच पत्नीच्या छायाचित्रासाठी जागा राखलेली असे. धारक तो नवरा. पत्नी ही त्याच्या पुस्तिकेतील एक नोंद. राष्ट्रीयत्वाचेही तसेच. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यान्वये विवाहाने स्त्रीचे राष्ट्रीयत्व पतीच्या मागोमाग जाई. जातीने जे शास्त्राच्या आधारे केले होते तेच साम्राज्याने छापील रकान्यातून केले, एवढाच फरक.

या व्यवस्थेची झळ लागलेले एक घर आपल्याच प्रांतातले होते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतील अग्रणी. महायुद्धात ते इराणात लढले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले. तेथे चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या संकरावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा याने शिक्षणखात्याच्या इमारतीतील एका भित्तिचित्रात त्यांना रंगविले आहे. १९३६ मध्ये त्यांनी जीन नावाच्या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला, आणि दोन कन्या झाल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा आता घरी जाण्यास काही आडकाठी नाही, असे कोणालाही वाटले असते. परंतु ब्रिटिशांनी घातलेली बंदी दप्तरात तशीच राहिली होती, आणि ज्या स्वातंत्र्यासाठी हा मनुष्य जन्मभर परागंदा झाला त्याच स्वतंत्र देशाच्या सरकारने त्याला प्रवेशाची परवानगी प्रथम नाकारली. ती बंदी पुढे उठली, कुटुंब नागपुरास स्थायिक झाले, आणि खानखोजे १९६७ मध्ये निवर्तले. गेलेल्या राजवटीची यादी नव्या राजवटीचा अधिकारी इमानाने वाचत राहतो, ही गोष्ट आम्हांस त्या नकारापेक्षाही अधिक बोलकी वाटते. त्या यादीत जीनबाईंचे नाव असण्याचा संबंध नव्हता. तरी घराचे दार बंद झाले ते दोघांनाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र चौकीवरचे गणित उलटले. आता अधिकाऱ्याला नवराबायको दोन दिसू लागली, आणि ती दोन दिसली सोन्याच्या तराजूत. याचे कारण समजून घेतले पाहिजे, नाहीतर आपण सारा दोष अधिकाऱ्याच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत सोन्याच्या आयातीवर कडक बंधने होती, देशातील भाव बाहेरच्या भावाहून पुष्कळ चढा असे, आणि दुबईकडून दहा तोळ्यांची बिस्किटे कोकणपट्टीला लागत. १९६२ चा सीमाशुल्क कायदा याच वातावरणात जन्मला. त्यातील १२३ व्या कलमाने चोरटे असल्याच्या वाजवी समजुतीने सोने जप्त केले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ ते सापडले त्याच्यावर टाकला. १९६३ च्या जानेवारीत मोरारजीभाईंच्या सुवर्णनियंत्रणाने नवे दागिने १४ कॅरटांवर आणले, तेव्हा सराफांवर आलेली अवकळा आपल्या ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. गंमत अशी की, या कडक कायद्याने कुटुंब ओळखले होते. दागिन्यांचे निवेदन सरकारास केव्हा द्यावयाचे, याची मर्यादा एकट्या माणसास २,००० ग्रॅम आणि कुटुंबास ४,००० ग्रॅम होती. घरात कपाटाशी नवराबायको एक, विमानतळावर मात्र दोन.

विमानतळावरील हा हिशेब प्रवासी-सामानाच्या नियमांत आहे. १९९८ च्या नियमांनी वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यास दागिने करमुक्त आणू दिले. मर्यादा पुरुषास १०,००० रुपये, स्त्रीस २०,००० रुपये. स्त्रीला दुप्पट देण्यात आपल्या चालीरीतीची दखल आहे, हे मान्य केले पाहिजे. पण रुपया स्थिर राहिला आणि सोने चालत राहिले. १९९८ मध्ये दहा ग्रॅमांस सुमारे ४,००० रुपये भाव होता, म्हणजे वीस हजारांत चार तोळ्यांहून थोडे अधिक सोने बसे. २०१२ च्या सुमारास भाव ३०,००० च्या घरात गेला, आणि त्याच वीस हजारांत जेमतेम अर्धा तोळा उरला. साधे दोन वाट्यांचे मंगळसूत्रही त्यात मावेना. २०१३ मध्ये या मर्यादा ५०,००० व १,००,००० झाल्या. २०१६ मध्ये त्यांना अनुक्रमे २० व ४० ग्रॅमांची वजनमर्यादाही जोडण्यात आली. २०२५ मध्ये दहा ग्रॅमांचा भाव लाखापलीकडे गेला आणि ४० ग्रॅम हे कागदावरच राहिले. शेवटी २०२६ च्या फेब्रुवारीत आलेल्या नव्या नियमांनी किमतीची अट काढून केवळ वजन ठेवले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ज्या बायका परतल्या, त्यांच्या गळ्यातील पोत कायदेशीर होती की नव्हती, हे त्या दिवशीच्या बाजारभावावर अवलंबून होते.

आता दोघांचा प्रश्न. २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले होते की, एका प्रवाशाची करमुक्त सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळविता येणार नाही. म्हणजे नवऱ्याचे वीस ग्रॅम रिकामे राहिले तरी बायकोचे साठ होत नाहीत. इतर सामानासही हेच लागू होते. माणशी सवलत ५०,००० रुपयांची. दोघांनी मिळून ८०,००० रुपयांचा एक कॅमेरा आणला, तर दोघांची एक लाखाची सवलत कामी येत नाही, कारण कॅमेरा एकाचाच. उरलेल्या ३०,००० रुपयांवर साडेअडतीस टक्के दराने ११,५५० रुपये भरावे लागत. अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. एका घरात राहणारे कुटुंब एकत्र परतले, तर सर्वांमिळून एकच निवेदन पुरते, आणि रहिवाशांच्या सवलती एकत्र धरता येतात. व्यक्तिस्वातंत्र्याचा डंका पिटणारा देश चौकीवर कुटुंब मोजतो आणि कुटुंबसंस्थेचा अभिमान सांगणारा देश माणसे मोजतो, याचे आम्हांस नवल वाटते. सरकारी बाजूही पोकळ नाही. सवलती मिळविण्यास मुभा दिली, तर विमानातील कोणीही दोघे नातेवाईक होतील.

तरीही दागिन्यांपुरते आम्ही नियमाच्या तत्त्वाशी फारसे भांडणार नाही. स्त्रीधन स्त्रीचे, ही विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेची शिकवण. आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, पतीच्या ताब्यात असले तरी त्यावर मालकी पत्नीचीच, पती केवळ विश्वस्त. त्या अर्थी विमानतळावरचा तराजू तिला स्वतंत्र माणूस मानतो, हे पारपत्रातील त्या जुन्या रकान्यापेक्षा बरेच म्हणावयाचे. अडचण आपल्या घरच्या वहिवाटीची आहे. विमान उतरावयास आले की पाटल्या, गोफ, बांगड्या रुमालात बांधून नवऱ्याच्या हातबॅगेत ठेवावयाच्या, ही आपल्या बायकांची जुनी सवय; गर्दीत अंगावर सोने नको, हा त्यामागील शहाणपणा. पण कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी स्त्रीधन नवऱ्याचे सामान होते. मर्यादा चाळीसाची वीस होते, आणि जप्ती झालीच तर पुराव्याचा भार त्याच्या डोक्यावर येतो. घरात जी विश्वस्ताची भूमिका, ती तेथे आरोपीची ठरू शकते.

यापेक्षाही आपल्या लोकांस नडणारी एक बाब आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दागिन्यांची ही सवलत वर्षाहून अधिक परदेशी राहिलेल्यांसाठीच होती. आपल्याकडून मुलीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणारे दांपत्य बहुधा सहा महिन्यांत परतते. त्यांस ती मिळण्याचा प्रश्नच नसे. अंगावरचे सोने येथूनच नेलेले, आजेसासूपासून चालत आलेले, त्यावर कोणत्याही सराफाची पावती नाही. ते येथूनच नेले हे दाखविण्याचा सरळ मार्ग एकच, निघतानाच विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून दागिन्यांच्या यादीचे निर्यात-प्रमाणपत्र घेणे. त्यासाठी सराफाकडून वजन व शुद्धतेचे मूल्यांकनपत्र करून न्यावे, आणि विमानतळावर वेळेच्या बरेच आधी पोहोचावे. आपण ट्रंकांना कुलपे लावतो, शेजाऱ्यास तुळशीला पाणी घालण्यास सांगतो, लोणच्याच्या बरण्या तीनतीनदा गुंडाळतो. हे एवढे मात्र राहून जाते.

न्यायालयांनी अलीकडे मध्यममार्ग काढण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. लंडनहून लक्षावधींचे दागिने घेऊन आलेल्या एका पाहुण्या स्त्रीच्या २००२ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, आणि ते दागिने तिचे वैयक्तिक सामान मानले. चेन्नईस उतरलेल्या एका नवविवाहित श्रीलंकन स्त्रीची थाळी, म्हणजे तेथील मंगळसूत्रच, काढून घेण्यात आली होती. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती परत करावयास लावली आणि धार्मिक चालीरीतींचा मान ठेवण्यास अधिकाऱ्यांना बजावले. दिल्ली उच्च न्यायालयानेही वापरातले दागिने आणि आणलेला माल यांत भेद करावा, अशी भूमिका वारंवार घेतली.

नावांचा घोळ मात्र अद्याप मिटलेला नाही. मराठी लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पहिले नावही बदलण्याची रीत होती. आनंदीबाई माहेरच्या यमुना. जुन्या पिढीतील कित्येक आजींचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नपत्रिकेत दुसरे, आणि पारपत्रावर तिसऱ्याच ढंगाचे असते. २०१६ च्या अखेरीस पारपत्रासाठी विवाहप्रमाणपत्राची सक्ती गेली. लग्नानंतर नाव बदलणे ही अट नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. पण खिडकीमागील तरुण अधिकारी पुस्तिका आणि तिकीट ताडून पाहतो, तेव्हा उत्तर देण्यास नवरा पुढे सरकतो आणि अधिकारी हात वर करून म्हणतो, “त्यांनाच सांगू द्या.” निर्यात-प्रमाणपत्राचेही तसेच आहे. पारपत्राच्या क्रमांकासह ते तिच्या नावावर निघते, आणि परतताना ते तिच्याच पर्समध्ये असावे लागते.