एका शहराची दोन नावे

तापमापीमुळे आपल्या परिचयाचा झालेला डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली कोठे जन्मला? काही पुस्तके सांगतात डान्झिगला, काही सांगतात ग्दान्स्कला. विद्यार्थ्याने यातले बरोबर कोणते असे विचारले, तर दोन्ही बरोबर असेच सांगावे लागेल. बाल्टिक समुद्राकाठच्या एकाच बंदराची ही दोन नावे आहेत. पहिले जर्मन, दुसरे पोलिश. तरीही या नावांवरून इंग्रजी विकिपीडियावर मोठे भांडण झाले. ते कसे मिटले, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी शहराचा इतिहास पाहू. १३०८ मध्ये ट्युटॉनिक सरदारांच्या लष्करी धर्मसंघाने ते जिंकले. १४५४ मध्ये नागरिकांनी बंड करून पोलंडच्या राजाचा आश्रय घेतला. पुढे सव्वातीनशेहून अधिक वर्षे शहर पोलंडच्या राजसत्तेखाली होते, पण तेथील बहुसंख्य लोक जर्मन बोलत. फॅरनहाइट जन्मला तो याच काळात. १७९३ मध्ये प्रशियाने शहर घेतले. १९२० मध्ये ते राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालचे स्वतंत्र नगर झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या तोफा याच बंदरात धडाडल्या. १९४५ मध्ये शहर पोलंडकडे आले आणि तेथील बहुतेक जर्मन वस्तीला बाहेर पडावे लागले. एवढे घडून गेल्यावर नाव हे नुसते नाव राहत नाही. ते लिहिणाऱ्याचा मालकीहक्काचा दावा वाटू लागते.

छापील ज्ञानकोशात अखेरचा शब्द संपादकाचा असतो. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाला मुख्य संपादकच नाही. लिहिणारे सारे स्वयंसेवक. त्यामुळे एकाने डान्झिग लिहावे, दुसऱ्याने ते खोडून ग्दान्स्क करावे, पहिल्याने पुन्हा पूर्ववत करावे, असे चाले. अशा वेळी उपयोगी पडावेत म्हणून काही संकेत ठरलेले आहेत. लेखाने कोणाची बाजू घेऊ नये, हा पहिला. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असते. वाद तेथे, कारणे देऊन करावा, हा दुसरा. एका लेखातील इतरांचे बदल चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा कोणी उलटवू नयेत, हा तिसरा. हा तिसरा नियम भांडण थांबवतो, पण प्रश्नाचे उत्तर देत नाही.

ते उत्तर २००५ मध्ये मतदानाने शोधण्यात आले. येथे स्वयंसेवकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘खरे नाव कोणते?’ असा एकच प्रश्न न विचारता त्यांनी इतिहासाचे कालखंड पाडले आणि प्रत्येक खंडासाठी स्वतंत्र मत घेतले. निकाल असा लागला: १३०८ पूर्वी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डान्झिग, त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क. शिवाय लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तेथे दुसरे नावही द्यावे, असे ठरले. म्हणजे कोणाचेही नाव पुसले गेले नाही.

रसायनशास्त्रातही असाच मार्ग निघाला. ब्रिटिश ‘अॅल्युमिनियम’ लिहितात, अमेरिकन ‘अॅल्युमिनम’. गंधकाच्या इंग्रजी नावात ब्रिटिश रूढीने ‘पीएच’ येते, अमेरिकन रूढीने ‘एफ’. विकिपीडियाने रसायनशास्त्राच्या लेखांसाठी आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेची रूपे स्वीकारली. त्यात पहिला शब्द ब्रिटिशांचा, तर दुसरा अमेरिकनांचा आला. दोघांनीही थोडे सोडले.

मग सगळेच प्रश्न मताने सोडवावेत काय? मुळीच नाही. मतदान हे चर्चेची जागा घेऊ शकत नाही, असे विकिपीडियाचे संपादकही मानतात. फॅरनहाइट कोणत्या साली जन्मला, हे हात वर करून ठरत नाही. त्याला पुरावाच लागतो. डान्झिगच्या बाबतीत मतदान चालले, कारण शहर कोणते आणि कोणत्या साली कोणाच्या ताब्यात होते, याविषयी वाद नव्हता. वाद शब्दाचा होता. शब्द ही माणसांनी ठरवलेली सोय असते, म्हणून ती माणसांनी एकत्र बसून ठरवता येते.

वर्गात वाद निघाला, की शिक्षकांनी आधी हेच विचारावे: आपले भांडण वस्तुस्थितीबद्दल आहे की तिला द्यायच्या नावाबद्दल? पहिले असेल तर पुरावा शोधावा लागेल. दुसरे असेल तर एकमेकांचे ऐकून घ्यावे लागेल.