बंदुकीऐवजीं लेखणी

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागीं सेंट्रल पार्क नांवाचें ८४३ एकरांचें उद्यान आहे. तेथें दर हिवाळ्यांत स्वयंसेवक पांखरांची मोजदाद करतात. ह्या प्रथेचें मूळ १९०० सालच्या नाताळांत आहे.

त्या काळीं अमेरिकेंत नाताळच्या दिवशीं दोन तट पाडून शिकार करण्याची चाल होती. ज्याचा ढीग मोठा, तो तट विजयी! स्त्रियांच्या वेषभूषेची हौसहि पक्ष्यांच्या मुळावर आली होती. १८८६ सालीं फ्रँक चॅपमन ह्या पक्षिशास्त्रज्ञानें न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या न्याहाळल्या, तों ५४२ टोप्यांवर पिसें आढळलीं. त्यांवरून त्यानें ४० जाती ओळखल्या.

पुढें ह्याच चॅपमननें, नाताळांत पक्षी मारण्याऐवजीं मोजावे, अशी सूचना केली. अवघीं २७ माणसें २५ ठिकाणीं पुढें आलीं. सेंट्रल पार्क हें त्यांपैकींच एक.

नुसत्या मोजण्यानें पांखरूं वांचतें काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु कोणती जात घटत चालली आहे हेंच ज्यास ठाऊक नाहीं, तो तिचें रक्षण कसें करणार? १९१८ सालीं अमेरिकेंत स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला खरा. तथापि पक्ष्यांच्या घटवाढीची वर्षानुवर्षांची नोंद मिळते ती ह्या बिनपगारी माणसांच्या वह्यांतून.