धावड्याच्या विहिरीतला पांढरा दगड आणि डीएपीची गोणी

ऐकताना आकडे निसटून जातात अशी तुमची नेहमीची तक्रार असते, म्हणून या भागाचं हे लिखित रूप. थोडं सावकाश वाचा, घाई नाही.

पेरणीच्या तोंडावर धावड्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. धावडा म्हणजे जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. विहीर खोल करताना काळ्या खडकातून पांढरे, चमकदार खडे निघाले होते, त्यांचा फोटो सोबत होता. आणि प्रश्न असा: "दादा, डीएपी मिळंना. मिळालं तर लिंकिंगमध्ये दुसरं काहीतरी गळ्यात मारतेत. हे खत दगडापासून बनतं असं मी बघितलं. मग आमच्या डोंगरात नसंल का तसा दगड? ह्योच तर नाही ना?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण फॉस्फेटचा दोनशे वर्षांचा सगळा इतिहास असाच घडलाय: कुणीतरी एक दगड उचलला आणि विचारलं, हाच तर नाही ना?

आधी गोणी बघू. डीएपीच्या गोणीवर १८:४६:० असं छापलेलं असतं. म्हणजे ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पालाश शून्य. (हे २३ किलो म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत फॉस्फरस पेंटॉक्साइड. निव्वळ फॉस्फरस साधारण १० किलो. खतांच्या धंद्यात मोजमाप पेंटॉक्साइडमध्येच चालतं, म्हणून आपणही तेच धरू.) नत्र हवेतून काढता येतं, ती युक्ती माणसाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमली. स्फुरद मात्र हवेत नसतं. ते जमिनीतूनच खणून आणावं लागतं, आणि जिथे असतं तिथेच असतं.

सुरुवातीला हा दगड कुणाला माहीतच नव्हता. स्फुरद म्हणजे हाडं. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी हाडांवर आणि फॉस्फेटच्या दगडावर गंधकाम्ल ओतून सुपर फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं, आणि तिथून खताचे कारखाने सुरू झाले. हाडं कमी पडायला लागली तशी ती जगभरातून गोळा व्हायला लागली. हिंदुस्तानातल्या बंदरांतूनही हाडांची जहाजं भरून जायची. विचार करा, इथल्या जमिनीतलं स्फुरद कडब्यात, कडब्यातलं बैलात, आणि बैल मेल्यावर त्याची हाडं विलायतेच्या गव्हाला. आपल्याकडे सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना १९०६ मध्ये मद्रासजवळच्या राणीपेटला निघाला. आपल्या महाराष्ट्रात अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल कंपनी आली, तिची स्थापना १९१९ ची. 'दाणेदार' म्हणून जे खत आपले आजोबा टाकायचे, ते हेच सुपर फॉस्फेट.

पण कच्चा माल? त्याचा शोध इंग्रजांच्या काळातच सुरू झाला होता. १८९० च्या दशकात डॉ. वार्थ नावाच्या भूवैज्ञानिकानं तिरुचिरापल्लीजवळ फॉस्फेटच्या गाठी शोधल्या. मातीत बटाट्यासारख्या विखुरलेल्या गाठी. अंदाज निघाला ८० लाख टनांचा! सगळे खूश. मग त्या दळून, बारीक भुकटी करून कॉफीच्या मळ्यांना विकायचा प्रयत्न झाला, आणि तो पार फसला. ही गोष्ट लक्षात ठेवा. दगड सापडणं वेगळं आणि तो पिकाच्या तोंडात जाणं वेगळं.

आता थेट १९६० च्या दशकात येऊ. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' सुरू केली. जालना बियाण्यांची राजधानी झालं ते तिथून. पण संकरित बियाणं खायला मागतं. जुनी ज्वारी उपाशी राहूनही काहीतरी द्यायची, नवी खत दिलं तरच देते. त्यातच १९६५ आणि १९६६ चे दुष्काळ, अमेरिकेहून येणारा गहू आणि तिजोरीत परकीय चलनाची चणचण. बियाणं जालन्यात तयार होत होतं, पण खताचा दगड बाहेरून येत होता. त्यामुळे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागानं देशभर फॉस्फेटचा शोध लावून धरला.

आणि १९६८ मध्ये उदयपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर झामरकोटडा इथे मोठं घबाड सापडलं.

इथे मला खरी गंमत वाटते. त्या भागाचे भूशास्त्रीय नकाशे काही दशकं आधीच तयार झाले होते. चांगले, मेहनतीनं केलेले. तरी फॉस्फेट कुणाला दिसलं नाही. कारण ते चमकत नाही. करडा-निळसर, चुनखडीसारखा दिसणारा दगड. जवळपास दोनशे कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांचे थरावर थर साचून जे खांब तयार झाले, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. झामरकोटड्यात फॉस्फेट त्या खांबांत आहे, आणि खांबांच्या मधल्या जागेत साधा डोलोमाइट. बघणाऱ्याला सगळा एकच डोंगर.

मग ओळखायचं कसं? भूवैज्ञानिकाच्या पिशवीत हातोडीसोबत एक छोटी बाटली असते. अमोनियम मॉलिब्डेट नायट्रिक आम्लात मिसळलेलं. दगडावर थेंब टाकायचा. पिवळा रंग उमटला की समजायचं, इथे फॉस्फेट आहे. बस, एवढंच. करोडो रुपयांची खाण आधी एका पिवळ्या डागात असते.

पण पिवळा डाग म्हणजे खाण नव्हे, आणि खरं काम इथून पुढे सुरू होतं. डागावरून 'आहे' एवढंच कळतं. किती आहे, किती खोल आहे, सगळीकडे सारखं आहे का, हे कळत नाही. म्हणून थर जिथे उघडा दिसतो तिथे त्याला आडवी चर खणायची. चरीच्या भिंतीत छिन्नीनं एका मापाची खाच पाडायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्या खाचेतून निघालेला सगळा चुरा गोळा करायचा. सगळा म्हणजे सगळा. चांगला दिसणारा तुकडा निवडला की नमुना खोटा झाला. माणसाचा हात नकळत चांगल्या तुकड्याकडे जातो, म्हणून ही खाचेची शिस्त. नंतर तो चुरा बारीक करून त्याचा ढीग करायचा, वरून दाबून चपटा करायचा, चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन परत मिसळायचे. असं करत करत पोतंभर चुऱ्याचा मूठभर नमुना होतो, आणि त्या मुठीत पोत्याची खरी सरासरी असते. जमिनीखालचं बघायला हिऱ्याच्या दातांची पोकळ पाइप फिरवत खाली सोडतात. तिच्यातून खडकाची लांबच लांब कांडी वर येते. ती उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेत पाठवायची, अर्धी पेटीत जपून ठेवायची. उद्या कुणी शंका घेतली तर पुरावा पाहिजे.

झामरकोटड्याचा चांगला दगड ३० टक्क्यांच्या वरचा निघाला. पण बराचसा माल १६-१७ टक्क्यांचा होता, आणि त्यातला डोलोमाइट वेगळा काढायला पुढे वेगळा कारखाना उभारावा लागला. आजही ती राजस्थान सरकारच्या कंपनीची खाण चालू आहे, आणि त्या स्ट्रोमॅटोलाइटचा एक भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेला आहे. तरीही देशाच्या गरजेला ती पुरत नाही. बहुतेक दगड, आम्ल आणि तयार डीएपी बाहेरून येतं. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी जवळजवळ ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे आहे. २०२१ मध्ये जगात भाव भडकले तेव्हा सरकारनं मे महिन्यात गोणीमागचं अनुदान ५०० वरून १२०० रुपये केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीननं निर्यातीला ब्रेक लावला, आणि आपल्याकडे रांगा लागल्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. लिथियमसोबत फॉस्फरसही त्या यादीत आहे.

तर धावड्याचं काय? आपला जवळपास सगळा मराठवाडा लाव्ह्यावर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, जमिनीवर पसरलेला. फॉस्फेटचे मोठे थर साचतात समुद्रात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर नुसता काळा खडकच लागला, त्याखाली कुठे जुने खडक. काळ्या खडकात स्फुरद नाही असं नाही. असतं, पण साधारण पाव टक्का. हिशेब करा: डीएपीच्या एका गोणीतल्या २३ किलो स्फुरदासाठी असा ९ टनांहून जास्त खडक फोडावा लागेल. ३० टक्क्यांचा दगड असला तर पाऊणशे-ऐंशी किलोत भागतं. आणि फोटोतले पांढरे खडे? आपल्याकडच्या विहिरींत असे खडे नेहमी निघतात. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यात नंतर पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी हे साचलं. मी श्रोत्याला तसं कळवलं. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "बरं झालं बाबा, नाहीतर जमीन गेली असती."

हे त्यानं सहज म्हटलं, पण याला इतिहास आहे. सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या ऑफिसात एक दगड दार अडवायला ठेवलेला होता. नाउरू बेटावरून आणलेला, सगळे त्याला दगड झालेलं लाकूड समजायचे. १८९९ मध्ये तिथल्या आल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली. त्यानं तुकडा तपासला, तर उच्च प्रतीचं फॉस्फेट! पुढच्याच वर्षी, ३ मे १९०० ला तो शेजारच्या बनाबा बेटावर उतरला. तिथेही तोच दगड. तिथल्या एका प्रमुखाकडून त्यानं करार करून घेतला: वर्षाला ५० पौंड, ९९९ वर्षांसाठी. त्या प्रमुखाला अख्ख्या बेटाच्या वतीनं सही करायचा अधिकारच नव्हता. बेट जेमतेम ६ चौरस किलोमीटरचं. पुढची जवळपास ऐंशी वर्षं ते खरवडलं गेलं, आणि ती माती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कुरणांवर पसरली. डिसेंबर १९४५ मध्ये बनाबाच्या लोकांना दोन हजारांवर किलोमीटर दूर फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. बहुतेकांचे वंशज आजही तिथेच आहेत. नमुना घेताना त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. आपल्याकडे आता खाणपट्ट्यांचे लिलाव होतात, जिल्हा खनिज निधी असतो, म्हणजे कागद तरी बरेच आहेत. पण शिवारात कुणी अनोळखी माणूस दगड पिशवीत भरताना दिसला तर त्याला नाव-गाव विचारायला काही हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ते कॉफीचे मळे आठवा. समजा उद्या धावड्याला ट्रकभर फॉस्फेटचा दगड फुकट मिळाला, तरी तो दळून काळ्या रानात टाकून उपयोग नाही. तो विरघळायला आम्ल लागतं. आपली माती अल्कधर्मी, चुनखडीची. कोकणातल्या आंबट मातीत दगडाची भुकटी हळूहळू लागू पडते, आपल्याकडे पडून राहते. इतकंच नाही, विकत आणलेल्या डीएपीतलं बरंचसं स्फुरदही त्याच वर्षी पिकाला मिळत नाही. मातीतला चुना त्याला धरून ठेवतो. म्हणजे तीस-चाळीस वर्षं खत टाकलेल्या रानात स्फुरदाचा एक साठा आधीच जमलेला असू शकतो. गोणी-गोणीनं, पैसे मोजून भरलेला. त्यातला थोडा मोकळा करायला स्फुरद विरघळवणारे जिवाणू मदत करतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खतं मिळतात. त्यानं डीएपीची गरज संपते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण दरवर्षी डोळे झाकून तेवढीच गोणी टाकायची गरज आहे का, हे तपासता येतं.

आणि तपासायची पद्धत? तीच, झामरकोटड्याची. उन्हाळ्यात, रान मोकळं असताना, खत टाकायच्या आधी. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा सोडून रानात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा. खड्ड्यातली माती टाकून द्यायची, आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडायची. चांगली दिसणारी निवडायची नाही! सगळी घमेल्यात मिसळून सावलीत वाळवायची, ढीग, चार वाटे, समोरासमोरचे दोन बाजूला. अर्धा किलो उरेपर्यंत. खताची रिकामी गोणी त्यासाठी वापरू नका, तिच्यातलं उरलेलं खत निकाल बिघडवतं. प्रयोगशाळेत त्या मातीवरही मॉलिब्डेटच टाकतात, फक्त पद्धत वेगळी, म्हणून तिथे पिवळ्याऐवजी निळा रंग येतो. निळा जितका गडद, तितकं पिकाला मिळू शकणारं स्फुरद जास्त.

धावड्याच्या आपल्या श्रोत्यानं मे महिन्यात दोन रानांचे दोन नमुने दिलेत. विहिरीतले ते खडे त्याच्या धाकट्या बहिणीनं धुऊन खिडकीत मांडलेत, तिचा फोटोही आलाय.