शुगर दोघांनाही, मग कोलेस्टेरॉल एकाचंच का वाढलं?

गेल्या महिन्यात बाबा आणि काका, दोघांच्या लॅब रिपोर्टच्या पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर आल्या. दोघांनाही टाईप २ डायबिटीस, जेवण एकाच स्वयंपाकघरातलं. पण बाबांचं एलडीएल ९८ आणि काकांचं २०४! काकू म्हणाली, "शुगरमुळेच असणार." मलाही आधी तेच वाटलं.

पण टाईप २ डायबिटीसमध्ये लिपिड प्रोफाईल सहसा वेगळं बिघडतं. ट्रायग्लिसराईड वाढतं, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल घटतं, एलडीएलचा आकडा मात्र बऱ्याचदा फार वाढत नाही. (त्याचे कण लहान आणि दाट होतात, पण साध्या रिपोर्टमध्ये ते दिसत नाही.) बाबांचा रिपोर्ट अगदी असाच आहे. काकांचे २०४ एकट्या शुगरच्या माथी मारता येत नाहीत. डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासलं, ते नॉर्मल निघालं. मग विचारलं, "वडील कशाने गेले?" आजोबा ४७व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेले होते.

रक्तातलं एलडीएल लिव्हर उचलतं, पेशींवरच्या रिसेप्टरच्या मदतीने. हे रिसेप्टर एलडीएलआर या जीनवरून बनतात. त्यांच्या शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. या जीनमध्ये बिघाड असला तर एलडीएल लहानपणापासूनच जास्त राहतं. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात आणि तो साधारण २५० पैकी एकाला असतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलात यायची शक्यता ५० टक्के.

पीसीएसके९ हे जीन याच रिसेप्टरना मोडीत काढणारं प्रोटीन बनवतं. काहींमध्ये ते जन्मतःच निकामी असतं आणि त्यांचं एलडीएल कमी राहतं. हे बघूनच त्या प्रोटीनला रोखणारी इंजेक्शनं निघाली.

मला सगळ्यात भारी वाटलं ते एपीओई. त्याचे ई२, ई३, ई४ असे प्रकार आहेत. ई४ मुळे एलडीएल थोडं वाढतं, ई२ मुळे सहसा घटतं. पण दोन्ही प्रती ई२ असलेल्या माणसाला डायबिटीस झाला, की काहींमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड दोन्ही एकदम उसळतात. तोवर ते जीन गुपचूप बसलेलं असतं!

लगेच ऑनलाईन डीएनए किट मागवू नका. एलडीएलआरमध्ये हजारांहून जास्त प्रकारचे बिघाड सापडलेत, त्यातले मोजकेच अशा किटमध्ये तपासले जातात. त्यापेक्षा साधी लिपिड टेस्ट स्वस्त.

चुलत भाऊ २४ वर्षांचा, रोज जिमला जाणारा. खूप मागे लागलो तेव्हा त्याने टेस्ट केली. शुगर नॉर्मल, एलडीएल १८८.