नवजात बाळाचे झोपतानाचे कपडे कसे निवडावेत?

बाळाला थंडी वाजेल या काळजीने अनेक घरांत झबले, स्वेटर, टोपडे आणि वरून दोन दुपटी असे सगळे एकदम घातले जाते. पण अंग फार तापणे हे झोपेतील अचानक मृत्यूचा धोका वाढवते.

किती कपडे घालावेत?
तुम्ही जेवढे घातले आहे त्यापेक्षा एक थर जास्त. कडक उन्हाळ्यात लंगोट आणि पातळ सुती झबले पुरते. बाळाचे हातपाय गार लागणे नेहमीचेच असते. म्हणून मानेमागे किंवा छातीला हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. घरात झोपवताना टोपडे काढावे. कमी वजनाच्या बाळासाठी मात्र डॉक्टरांना विचारा.

खरेदी करताना
- मऊ, सुती, पुढून उघडणारे कपडे घ्या.
- गळ्याशी नाडी, मणी, सैल बटणे नकोत.
- 'वाढत्या अंगाचे' म्हणून ढगळ कपडे घेऊ नका. ते तोंडावर सरकतात.
- मोजे उलटे करून सुटे दोरे कापा. दोरा बोटाला आवळला तर रक्तपुरवठा थांबतो.
- नवे कपडे धुऊनच घाला.

जुने कपडे वापरताना
डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला घालू नका. जी६पीडी कमतरता असलेल्या बाळांत त्यामुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते.

डॉक्टरांकडे कधी जावे?
कपडे कमी करूनही काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त राहिले, ऊब देऊनही अंग गार लागले, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर लगेच दाखवा.