जनगणनेच्या वहीत आपलं काम

बचत गटाची वही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुणी किती भरले, कर्ज किती, हप्ता कुणाचा राहिला. पण ‘हप्ता राहिला’ एवढंच वाचून त्या घरात काय चाललंय ते कळत नाही. शेजारचा रकाना बघावा लागतो, कर्ज कशासाठी काढलं होतं? राज्याचीही अशीच एक मोठी वही आहे, जनगणनेची. ती कशी वाचायची आणि तिच्यात आपण बायका कुठे आहोत, ते आज बघू या.

आपल्या देशात १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली. त्यातलं १९२१ सालच्या मुंबईचं पान उघडा. दर हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे! बाकीच्या गेल्या कुठे? त्यासाठी ‘जन्म कुठे झाला’ हा रकाना बघायचा. त्या काळी मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी चार बाहेर जन्मलेली होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं फार मोठ्या संख्येने होती. आता रत्नागिरीचं पान काढा. तिथे पुरुषांपेक्षा बायका जास्त. चाकरमानी गिरणीत, चाळीतल्या एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर. बायको गावी शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळत मनीऑर्डरची वाट बघणारी. पानं दोन जिल्ह्यांची, पण संसार एकच.

ही खूण अजून पुसलेली नाही. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात ८६०. पण रत्नागिरीत मुलीच जास्त जन्मतात, असा याचा अर्थ नाही. मुलींचं काय होतंय हे बघायला शून्य ते सहा वयाचा आकडा वेगळा काढावा लागतो. महाराष्ट्राचाच घ्या. २००१ ते २०११ मध्ये हजार पुरुषांमागे स्त्रिया ९२२ वरून ९२९ झाल्या. बरं वाटलं ना? पण त्याच दहा वर्षांत लहान मुली ९१३ वरून ८९४ वर आल्या. पहिलाच आकडा वाचून वही मिटली असती, तर या मुली आपल्याला दिसल्याच नसत्या.

आता पुन्हा गिरणगावात जाऊ. एकट्या राहणाऱ्या त्या कामगारांना जेवू कोण घालायचं? खानावळवाल्या बायका. घरच्याच चुलीवर पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक, आणि किराण्यासाठी सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली. पण चूल घरातली असली की ‘काय करता?’ या प्रश्नाला उत्तर काय येतं? ‘काही नाही, घरीच असते.’

या एका उत्तराने केवढा फरक पडतो बघा. १९६१ च्या जनगणनेत हंगामातले बहुतेक दिवस रोज तासाभराहून जास्त काम करणारी बाईसुद्धा कामगार धरली होती. १९७१ मध्ये प्रश्न बदलला. तुमचं मुख्य काम कोणतं? बाईने घरकाम सांगितलं, की ती कामगारांच्या यादीतून बाहेर. देशातल्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण शेकडा २८ च्या आसपास होतं, ते १२ वर आलं. दहा वर्षांत एवढ्या बायकांनी विळे-खुरपी खाली ठेवली का? नाही. मुख्यतः विचारण्याची रीत बदलली होती. पुढे अभ्यासकांनी आणि स्त्री संघटनांनी हे लावून धरलं, तेव्हा १९९१ च्या प्रश्नात घरच्या शेतातलं आणि धंद्यातलं बिनपगारी कामही स्पष्ट शब्दांत आलं.

हे आपल्या चारकोपलाही लागू आहे. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने इथे रस्ते, पाणी, गटारं घालून लहान लहान प्लॉट पाडले आणि लोकांनी आपापली घरं बांधली. या योजनेचा पायाच उत्पन्न गट हा होता. कुटुंब किती कमावतं, यावर हिशेब बसवलेला. आणि आजही एखाद्या योजनेचा अर्ज भरताना उत्पन्नाच्या रकान्यापाशी पगाराची पावती पुढे येते. लाटलेल्या पापडांची पावती कुठून आणायची?

घरकामाचा हिशेबही सरकारने देशभर मांडला आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास, असं म्हणू या.

२०२१ ला व्हायची जनगणना लांबली. आता माणसांची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत ठरली आहे. प्रगणक दारात येतील तेव्हा घरातल्या पुरुषाला उत्तर देऊ द्या, पण स्वतःच्या कामाचं उत्तर स्वतः द्या. डबे करते, मसाले कुटते, साड्यांना फॉल-पिको लावते, शिकवणी घेते, महिन्याचे इतके दिवस. दुकानात नवऱ्याबरोबर बसत असाल तर तेही सांगा, पैसे हातात येत नसले तरी. गटाच्या पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने आपापल्या कामाची एकेक ओळ लिहून ठेवू या. म्हणजे ऐन वेळी ‘काही नाही’ तोंडातून जाणार नाही.