जात कामी आली नाही, दार लढ्याने उघडले

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्यांसाठी राखले. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. युक्तिवाद काय, तर आम्ही उच्चजातीय आर्य, म्हणून गोरे! कायदाच वर्णद्वेषी आहे, असे ते म्हणाले नाहीत. १९२३ मध्ये न्यायालयाने हा दावा फेटाळला.

पुढे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क लढ्याच्या रेट्यात १९६५ चा कायदा आला, देशनिहाय भेदभावाची कोटापद्धत गेली आणि भारतीयांना दार उघडले. त्याच दाराने जातही आत शिरली. २०२३ मध्ये सिएटल शहराला जातिभेदबंदी करावी लागली.

मित्रांनो, परदेशी जाल तेव्हा हे दार कोणी उघडले ते विसरू नका. जयभीम!